दुसऱ्या बाजूची शांतता

४ फेब्रुवारी, शनिवार

आलो एकदाचा! सामान उतरवणाऱ्या दोघांनी रेकॉर्डची खोकी उचलताना विचारलं, आत विटा भरल्यात का. विटा असत्या तर मी त्यांच्या मागेमागे असा पळालो असतो का? उभं धरा, आडवं नको, टेकवताना हळू, असं मी इतक्यांदा बजावलं की त्यातला थोरला खोकं खाली ठेवून बाजूला झाला आणि म्हणाला, घ्या, तुम्हीच न्या. नेलं. कंबर धरली आहे, पण एकाही कव्हरचा कोपरा दुमडलेला नाही.

घर झकास आहे. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझं, मागची बाजू घरमालकीणबाईंची. मध्ये एक दार, त्याची कडी त्यांच्याकडून. आणि शांतता तर अशी की बस्स. जमीन लाकडी आहे, म्हणजे पावलागणिक करकर हवी. मी चालून बघितलं, थोडं नाचूनही बघितलं, हूं नाही की चूं नाही. बिजागऱ्या कुरकुरत नाहीत. खिडकी लावली तर कळतही नाही. या शांततेची किंमत माझ्यासारख्या वेड्यालाच कळायची.

वेड असं की मी जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या तबकड्या जमवतो. एकेक रचना तबकडीची अख्खी बाजू खाते, मध्येच ऑर्गन, मध्येच बासरी, आणि ताल असा की पायाने धरायला जावं तर अडखळायला होतं. हिच्या मते (ही म्हणजे बायको) ते संगीत नाही, वाद्यांची भाऊबंदकी आहे. चिमणीला मात्र आवडतं. चिमणी म्हणजे आमची सहा वर्षांची लेक. दिवसभर तोंडाची टकळी चालू, म्हणून चिमणी. मघाशी फोनवर तिने कुणाचा दात हलतोय इथपासून कुणी कुणाला ढकललं इथपर्यंत सगळं ऐकवलं आणि मग विचारलं की बाबा, तू का बोलत नाहीस. बोलू देशील तर ना, बाई! शाळेचे दाखले वगैरे उरकून दोघी महिनाअखेरीस येतील.

घरमालकीणबाईंना बोलता येत नाही. गळ्याचं काहीतरी झालं म्हणे. ओठ मात्र नीट हलवतात, आपण वाचून घ्यायचं. कधी येऊन पाठीमागे उभ्या राहतात ते कळत नाही. त्यांच्या भाच्याने किल्ल्यांचा जुडगा दिला तो फाटकाबाहेरूनच. आत या म्हटलं तर घड्याळात बघायला लागला. मला असली माणसं आवडत नाहीत. ही म्हणते, तू सावलीलाही आधी ओळखपत्र मागशील. असेल.

६ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात पहिला दिवस. कान तपासायचं काम सगळीकडे सारखंच. जाड दाराच्या बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन, बारीक ‘टूं’ वाजलं की त्याने बटण दाबायचं. आज एक आजोबा प्रत्येक वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघून बटण दाबत होते. मी पाठ फिरवली तसे रडकुंडीला आले. डॉक्टरीणबाई कडक आहेत, पण माणूस सरळ.

घरी येऊन तबकड्या रॅकवर लावल्या आणि पहिली धुवायला घेतली. चिमणीला फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. शुद्ध पाणी, साबणाचा एकच थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश फिरवायचा तो खाचेच्या दिशेनेच, आडवा कधीही नाही. ती विचारत होती, धुवायचं कशाला. म्हटलं, धुतलं की आत अडकलेलं सगळं मोकळं होतं. तिला हे फारच आवडलं. मागून हीसुद्धा हसली आणि म्हणाली की भांड्यांना एवढं प्रेम कधी दाखवलं नाहीस.

९ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. आनंदाने, बरं का!

पुढच्या खोलीच्या भिंतीत एक कपाट आहे. घरमालकीणबाई रोज सकाळी मधल्या दारातून येतात, ते उघडतात, आत बघतात आणि जातात. भाडं मी देणार आणि कपाटात ह्या डोकावणार? जुडग्यातल्या किल्ल्या लावून बघितल्या, तिसरी लागली. आत एकच तबकडी. कव्हर बघूनच ओळखली.

बँडचं नाव इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर उद्या दारात माणसं उभी राहतील. चौघांनी एकच तबकडी काढली, कंपनी बुडाली, हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या प्रती उरल्या. मी तरुणपणापासून तिच्या मागावर आहे. दुसऱ्या बाजूवर एकच लांबलचक रचना, आणि तिच्या मध्यावर चौघंही थांबतात. काहीच वाजत नाही, नुसती हॉलमधली शांतता. मग ऑर्गन हळूच परत येतो. आमच्यातली जाणती माणसं त्या शांततेबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

भाच्याला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, मामांची आहे, बाकीच्या सगळ्या विकल्या, एवढी राहिली. मग म्हणाला, “ती लावू नका, हलवू नका आणि पुसूही नका. मामीला चालायचं नाही.” बाकी घर आपलंच समजा म्हणे. वा! म्हणजे मालकीणबाईंना वस्तूचा भाव पुरता ठाऊक आहे. गळा गेला असेल, डोकं जागेवर आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

लावली. कोण थांबणार होतं? सकाळी मालकीणबाई बघून गेल्या, मधलं दार लागलं, की मी कपाट उघडलं.

पहिली बाजू अप्रतिम. दुसरी त्याहून. आणि मग ती शांतता आली, आणि माझ्या तोंडाची चवच गेली. शांतता कसली, चावडी! आधी लाकडी जमिनीची करकर. मग बिजागरीचं कुरकुरणं, धाडकन खिडकी. एक पुरुष खोकतो. एक बाई हसून म्हणते, “अहो, चहा गार होतोय.” आणि या सगळ्याच्या तळाशी एक जाड, संथ धपधप. ही टर्नटेबलची मोटर म्हणून मी पट्टा बदलला, वेगळं टर्नटेबल जोडलं. धपधप तिथेच. म्हणजे तबकडीतच आहे.

ही खरी प्रत असूच शकत नाही. कुणीतरी घरात बसून नक्कल केली असणार आणि मध्येच घरातले आवाज घुसले असणार. पण लेबल, कागद, वजन, सगळं अस्सल. मग हा कचरा आला कुठून? मला कुणीतरी बनवतंय असं राहून राहून वाटतंय.

१५ फेब्रुवारी, बुधवार

कामावर उशीर झाला, पहिल्याच पंधरवड्यात. गजर झालाच नाही. घड्याळ चालू आहे, काटे बरोबर आहेत, पण टिकटिक नाही. कानाला लावलं, सेल बदलला, काही नाही. म्हटलं आपलेच कान गेले की काय. दुपारी बंद खोलीत बसून डॉक्टरीणबाईंना माझीच तपासणी करायला लावली. त्या म्हणाल्या, तुमचे कान विशीतल्या माणसाचे आहेत, जा, कामाला लागा.

मग घड्याळाला कुणी हात लावला? मधल्या दाराची कडी त्यांच्याकडून आहे. माझ्याकडून काहीच नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

काहीतरी शिजतंय. मालकीणबाई मागच्या नळावर रोज दोन कप विसळतात. दोन ताटल्या. दारात चपलांचे दोन जोड, त्यातला एक पुरुषाचा. एकट्या बाईला दोन कप कशाला? मी विचारलं तर कप उचलून आत गेल्या.

तबकडी पुन्हा लावली. जमीन, खिडकी, खोकला, चहा, धपधप. आणि आता त्यात टिकटिक. माझ्या घड्याळाची. शंका नाही. ते थोडं लंगडतं, एक ठोका लांब, एक आखूड. हे पहिल्यांदा नव्हतं, शपथेवर सांगतो. म्हणजे मी कामावर गेलो की कुणीतरी माझ्या खोलीत येतं, माझं घड्याळ वापरतं आणि तबकडीशी काहीतरी खेळ करतं. तबकडीवर आवाज असा भरता येत नाही हे मलाही कळतं. तरी सुईच्या दांड्यावर माझा एक केस आडवा ठेवून बाहेर चक्कर मारून आलो. केस जसाच्या तसा.

नव्या बुटांची कुईंकुई थांबली आहे. रुळले असतील.

१९ फेब्रुवारी, रविवार

धुऊन टाकली.

कुणी काही भरलेलं नाही, हा मळ आहे, वर्षानुवर्षं खाचेत बसलेला, आणि माझे कान त्यातून नको ते काढताहेत, असं मी स्वतःला पटवलं. शुद्ध पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. पाणी करडं, मग काळं आलं. एवढं काळं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. समाधानाने स्टँडवर वाळत ठेवली.

तेवढ्यात मधलं दार भिंतीवर आदळलं. आदळलं म्हणजे आदळताना दिसलं. मालकीणबाई आत आल्या, ओल्या तबकडीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. असं उघडलं की मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला, आणि आवाज नाही. श्वासाचासुद्धा नाही. मग त्यांनी माझ्या तोंडासमोर जोरजोरात टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत. माझ्यापासून हातभर अंतरावर. काही ऐकू आलं नाही.

त्या गेल्यावर मी स्वतः टाळी वाजवून बघितली. माझी वाजते.

२० फेब्रुवारी, सोमवार

मागच्या खोलीत माणूस होता. त्यांचे यजमान. भाच्याचे मामा. मी त्यांना कधीचेच गेलेले समजत होतो आणि ते भिंतीपलीकडे खाटेवर होते. मी इथे आल्या दिवसापासून. एकदाही खोकल्याचा आवाज आला नाही, खाट वाजली नाही. काल सकाळी गेले. मी ब्रश फिरवत होतो त्याच वेळी.

भाचा सगळं करून मामीला घेऊन गेला. निघताना फाटकाबाहेर उभा राहून बोलला. मामा ती तबकडी रोज लावायचे. आधी घराचे आवाज गेले, मग मामीचा आवाज, मग मामांचा. त्यांनी लावणं सोडलं तरी थांबलं नाही. पावलं वाजेनाशी झाली आणि शेवटी डॉक्टर छातीला नळी लावायचे आणि नळीच बदलायचे. तरी माणूस जिवंत होता. झोपून, पण जिवंत. मामीचं एकच म्हणणं, जे गेलंय ते तबकडीत आहे, ती सांभाळा. भाचा म्हणाला, माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण आत काही आला नाही.

माझाही नाही. म्हातारा, अंथरुणाला खिळलेला माणूस, त्याची वेळ आली होती. योगायोग म्हणतात ह्याला.

ती धपधप मोटरची नव्हती. हे मला कळलंय आणि मी ते पुन्हा लिहिणार नाही.

हिला काही सांगितलं नाही. काय सांगू, धुता धुता माणूस गेला? दोघींची गाडी शनिवारची आहे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

आल्या! घर भरलं. चिमणी या खोलीतून त्या खोलीत धावते आणि धावताना जे दिसेल त्याचं नाव घेते. एवढी बडबड मला कधी इतकी गोड लागली नव्हती. हिने विचारलं, घरमालकीणबाई कुठायत. म्हटलं, भाच्याकडे गेल्यात. खोटं नाही.

तबकडी कपाटात, कुलूप लावलेलं. फोडायला हवी, कळतं मला. पण एवढी स्वच्छ झालेली प्रत जगात दुसरी नसेल. फोडवत नाही. लावणार मात्र नाही.

हिने वही वाचायला मागितली. हसण्यावारी नेलं. आता उशीखाली ठेवतो.

५ मार्च, रविवार

मी गाढव आहे. गाढवही बरं.

दोघी चिमणीचे बूट घ्यायला गेल्या होत्या. म्हटलं, एकदाच. नुसती शांतता ऐकायची, साफ झाली की नाही एवढंच. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर सुई ठेवली. चहाला किटली चढवली होती तीही विसरलो. चौघं थांबले आणि शांतता आली. खोकला नाही, चहा नाही, टिकटिक नाही. निखळ. पण ती निवांत नव्हती. कुणीतरी श्वास धरून माझ्याकडे बघावं तशी होती. किटली शिट्टी द्यायला लागली, मी वैतागून उठलो आणि समोरचं दार उघडून चिमणी धावत आली. ओरडत, “बाबा, बघ माझे—”

तिथेच तुटलं. ओठ हलतच होते. पायातलं काहीतरी दाखवत होती, उड्या मारत होती, बोलतच होती. किटलीतून वाफ येत होती आणि शिट्टी नव्हती.

मी सुई उचलली. उशीर झाला होता.

६ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी चिमणीचा घसा बघितला. सूज नाही, काही नाही, सगळं हवं तसं. मी तिला बंद खोलीत नेलं, आवाज मोजायचं यंत्र समोर धरलं आणि सांगितलं, ओरड, जेवढं ओरडता येईल तेवढं. ती ओरडली. काटा जागचा हलला नाही. मग तिला हसू आलं, तेही तसंच.

ही माझ्याकडे बघत राहते. तिला वाटतंय मला काहीतरी माहीत आहे आणि मी लपवतोय. तिचा संशय चुकत नाही.

८ मार्च, बुधवार

हिला सांगितलं. तबकडी, घड्याळ, किटली, चिमणी. मामांचं नाही सांगितलं. धुण्याचंही नाही. जीभ वळली नाही.

मला वाटलं होतं हसेल, नाहीतर डॉक्टरकडे नेईल. ती शांतपणे उठली, बत्ता घेऊन आली आणि म्हणाली, कपाट उघड. मी आडवा आलो. म्हटलं, तिचा आवाज त्यात आहे, फोडलंस तर कायमचा जाईल. बत्ता हातातच धरून ती खाली बसली आणि रडली. चिमणीने येऊन तिचे डोळे पुसले आणि काहीतरी समजावलं. बरंच समजावलं. आम्हाला काही कळलं नाही.

एक गोष्ट मी हिच्याशी बोललो नाही. मामांचा आवाज जायला वर्षं लागली. चिमणीचा एका झटक्यात गेला. कारण जागा रिकामी होती. मीच रिकामी करून ठेवली होती.

९ मार्च, गुरुवार

चिमणी धावतेय. नवे बूट घालून, लाकडी जमिनीवर. पावलं वाजत नाहीत.

तबकडी कुलपात आहे. कुणी लावली नाही. तरी—

दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंची नळी खिशात घालून आणली. चोरली म्हणा. झोपलेल्या चिमणीच्या छातीला लावली. आहे. पण लांब कुठेतरी, भिंतीपलीकडे वाजल्यासारखं.

१० मार्च, शुक्रवार

सकाळी पुन्हा नळी लावली. कालच्याहून कमी.

कपाट उघडलं. या दोघींना अंगणाच्या पार टोकाला पाठवलं. नुसता तिचा आवाज ऐकायचा होता, आहे की नाही. सुई शांततेत ठेवली, मोटर बंद, हाताने फिरवली. सुई नीट बसावी म्हणून तबकडी जराशी मागे ओढली आणि स्वयंपाकघरातली किटली किंचाळली. चालू शेगडीवरची किटली. पाच दिवसांनी.

उलटं. उलटं फिरवलं की देते.

सुई खाचेत ठेवून उलटी फिरवणं आमच्यात पाप समजतात. सुई मरते, खाच मरते. मरू दे! हळूहळू मागे आणली. स्पीकरमधून खरखर, मग तिचा स्वर, उलटा, पण तिचाच. मी तिचं नाव पुटपुटत होतो. मध्येच लक्षात आलं की माझं पुटपुटणं मला ऐकू येत नाही. पाय आपटला. वाजला नाही. ती जागा रिकामी राहत नाही. एक गेलं की दुसरं हवं, आणि सगळ्यात जवळ मीच होतो.

हात थांबवला. एवढं कबूल करतो, थांबवला. मग पुन्हा फिरवला.

शेवटपर्यंत. छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, मग काहीच नाही. आणि अंगणातून आवाज आला. जिथे तुटला होता तिथूनच पुढे. “—नवे बूट!”

११ मार्च, शनिवार

उठवत नाही. पाय टेकले की डोळ्यांपुढे अंधारी. नळी स्वतःच्या छातीला लावली. काढून ठेवली.

चिमणी खाटेवर बसून बोलतेय. पाच दिवसांचं साठलेलं. हसतोय मी. तिला दिसतं तेवढंच. बाबा, आता तुझी पाळी का, असं विचारते.

हिला कागदावर लिहून दिलं, माझं सगळं आता तबकडीत आहे. ती म्हणाली, मग काढू तेही. मी नको अशी मान हलवली. तिने तबकडी कपाटातून काढून स्वयंपाकघरात वर ठेवली, चिमणीचा हात पोचू नये म्हणून. बरोबर केलं.

मामांचं लिहून द्यायला हवं. काळ्या पाण्याचं. पेन धरला की मालकीणबाईंचं उघडं तोंड दिसतं. लाज वाटते. आज डोळे मिटताहेत. उद्या देतो. उद्या नक्की.

१२ मार्च, रविवार

जाग आली. ऊन आलंय. स्वयंपाकघरात दोघी. चिमणी गातेय, माझ्या तबकड्यांतलं, त्याच अडखळत्या तालात. बरोबर गाते. तिचा आवाज—

ही काय म्हणतेय तिला? बाबाच सांगायचा ना, धुतलं की आत अडकलेलं सगळं मोकळं होतं.

नळ सोडला.

ओरडलो. टाळ्या वाजवल्या. हात लाल झाले. पेला भिंतीवर फेकला, तुकडे झाले, काही वाजलं नाही. उठलो, पडलो. जमिनीवर आहे. वही हातात आहे. मोठ्या अक्षरात लिहितोय. चिमणी, इकडे बघ. चिमणी, हे वाच. आईला सांग. धुऊ नका. धुऊ नका—

गातेच आहे. पाठ इकडे. ही म्हणते, एकच थेंब हं साबण, बाबासारखा. आडवा नाही फिरवायचा, असा, खाचेच्या—